पाणी ओळखा, मगच मासा आणा

घरात काचेची पेटी ठेवून रंगीत मासे पाळणे ही एकेकाळी बंगलेवाल्यांची हौस समजली जाई. आता तसे राहिलेले नाही. उरण, मोरा, नवघर, जासई, द्रोणागिरी या भागात गोदीवर, कंटेनरच्या यार्डात, ट्रकवर राबणाऱ्या माणसाच्या दोन खोल्यांच्या घरातही टीव्हीशेजारी काचेची टाकी दिसते. मुलांचा हट्ट असतो आणि पाळी संपवून आलेल्या माणसालाही पाच मिनिटे त्या टाकीसमोर बसले की बरे वाटते. ही हौस वाईट नाही. दारूगुट्ख्यावर पैसा उडवण्यापेक्षा कितीतरी चांगली.

पण या हौसेत एक गोष्ट वारंवार घडते. रविवारी आणलेले मासे बुधवारपर्यंत एकेक करून उलटे होतात. मूल रडते. बाप पुन्हा पिशवी आणतो. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला शेजारीण समजूत घालते, "अगं, तुमच्या घरावरचं संकट माशाने स्वतःवर घेतलं." दुसरी म्हणते, "काहींच्या हाताला लाभतच नाहीत." तिसरा कोणी फेंगशुई सांगतो, की आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊच मासे ठेवा, अमुक दिशेला ठेवा, मग बघा.

बंधू-भगिनींनो, मासा कोणाचे संकट अंगावर घेत नाही. त्याला दिशाही कळत नाही आणि नऊचा आकडाही कळत नाही. त्याला फक्त पाणी कळते. दहापैकी नऊ वेळा तो पाण्यापायी मरतो. संकट टळले म्हणून आपण समाधान मानले, की कारण शोधायचे राहून जाते आणि पुढचे चार जीव त्याच पाण्यात जातात. पैसे जातात ते वेगळेच. म्हणून आज आम्ही पाण्याविषयी बोलणार आहोत. त्यातही, ज्यांच्या घरी जड पाणी येते त्यांनी कोणते मासे घ्यावेत याविषयी.

जड पाणी म्हणजे काय?

आपल्या माता-भगिनींना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हरभऱ्याची डाळ शिजता शिजत नाही, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, ते जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. पाणी जमिनीत खोल मुरले, खडकातून झिरपत राहिले, की हे क्षार त्यात उतरतात. म्हणून बोअरचे पाणी बहुधा जड आणि पावसाचे पाणी अगदी हलके.

मोजमापात सांगायचे तर एका लिटरमागे ७५ मिलिग्रॅमपर्यंत क्षार असले तर पाणी हलके, १५० पर्यंत मध्यम, १५० ते ३०० जड आणि त्यापुढे फार जड. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ही कठीणता २०० पर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे माणसाला चालणारे पाणीही माशाच्या दृष्टीने चांगलेच जड असू शकते.

येथे एक घोळ नेहमी होतो. जड पाणी आणि खारे पाणी एक नव्हे. खारेपणा मिठाचा, जडपणा चुन्याचा. आपल्याकडे खाडी आणि मिठागरे जवळ असल्यामुळे काठच्या विहिरींना आणि बोअरना पुष्कळदा मचूळ पाणी लागते. ते खारेही असते आणि जडही असते. पण गावाच्या आतल्या बोअरचे पाणी जिभेला गोड लागूनही साबणाला दाद देत नाही. तेव्हा केवळ चव घेऊन ठरवू नये.

उरणच्या नळाला कोणते पाणी?

याचे एकच उत्तर नाही आणि हीच खरी गोम आहे. उरण शहराला औद्योगिक विकास महामंडळाच्या रानसई धरणाचे पाणी येते. सिडकोच्या वसाहतींना पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे, तर पूर्वेकडच्या काही गावांना पुनाडे धरणाचे. डोंगरावरून वाहत आलेले हे पावसाचेच पाणी. काळ्या पाषाणावरून आलेले आणि जमिनीत फार न मुरलेले, म्हणून ते मुळात फारसे जड नसते. परंतु उन्हाळ्यात रानसईची पातळी खाली गेली, की पाणीकपात लागते. मग सोसायटीच्या टाकीत बोअर मिसळतो, टँकर येतो. नळ तोच, पण आतले पाणी दुसरे. फेब्रुवारीत सुखाने पोहणारे मासे मे महिन्यात का मेले, याचे उत्तर अनेक घरांत एवढ्यातच आहे.

म्हणून शेजाऱ्याचे ऐकून ठरवू नका. आपल्या घरचे पाणी आपण तपासा. एकदा हिवाळ्यात आणि एकदा मेमध्ये.

खर्च नसलेली रीत अशी. एकसारख्या दोन बाटल्या घ्या. एकीत घरचे पाणी अर्धी बाटली, दुसरीत तितकेच साठवलेले पावसाचे पाणी. दोन्हीत अंगाच्या साबणाचा सारखाच चिमूटभर कीस टाका आणि सारखेच हलवा. पावसाच्या पाण्यावर फेसाचा थर उभा राहील. घरच्या पाण्यात फेस न येता दुधट साका जमला तर पाणी जड आहे. कपड्याची पावडर किंवा शाम्पू वापरू नका. त्यांना जड पाण्यातही फेस येतो आणि परीक्षा फसते.

थोडा खर्च करायचा असेल तर माशांच्या दुकानात कठीणता मोजण्याची थेंबांची बाटली किंवा कागदी पट्टी मिळते. तिच्यावर आकडा जर्मन अंशात असेल तर त्याला १८ ने गुणा, म्हणजे मिलिग्रॅम मिळतील. दहा अंश म्हणजे सुमारे १८०. फिल्टर विकणारा जो पेनासारखा टीडीएस मीटर बुडवून दाखवतो, तो सगळेच क्षार एकत्र मोजतो. मीठ किती आणि चुना किती हे तो सांगत नाही. त्याचा आकडा मोठा आला म्हणून पाणी जडच आहे असे नव्हे.

माशाला काय फरक पडतो?

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरत असते आणि क्षार बाहेर निसटत असतात. मासा मूत्रावाटे जादा पाणी टाकत राहतो आणि कल्ल्यांनी बाहेरच्या पाण्यातले क्षार पुन्हा ओढून घेतो. हे काम चोवीस तास चालते. ज्या जातीचे मासे हजारो वर्षे चुन्याच्या पाण्यात वाढले, त्यांची यंत्रणा त्या पाण्याला बसलेली. जे पावसासारख्या हलक्या पाण्यात वाढले, त्यांची त्याला. हलक्या पाण्यातला मासा जड पाण्यात टाकला तर तो लगेच मरेलच असे नाही, पण रंग उतरतो, अंग धरत नाही, अंडी नीट फळत नाहीत आणि लहानशा रोगानेही तो जातो. उलट जड पाण्यातला मासा हलक्या पाण्यात टाकला तरी हेच होते.

आपल्या खारेपाटातला जिताडा खाडीतून आणून गोड्या तळ्यात वाढवतात, हे पेण-अलिबागकडे सर्वांना माहीत आहे. पण तो जिताडा आहे. खाडीच्या तोंडाशी राहून दोन्ही पाणी सोसण्याची ताकद त्याच्या अंगी आहे. प्रत्येक मासा जिताडा नसतो.

यातून आमचा सल्ला सरळ निघतो. मासा आधी आवडून मग त्याच्यासाठी पाणी बदलत बसू नका. पाणी जे आहे ते ओळखा आणि त्याला मानवणारा मासा आणा. औषधे टाकून, आम्ल टाकून जड पाणी हलके करण्याच्या भानगडीत पडू नये. आज उतरलेला पीएच उद्या पुन्हा चढतो आणि त्या चढउतारानेच मासा मरतो.

जड पाण्याचे सोबती

पहिला मान गप्पीचा. हा मासा मूळचा त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याचा. १८६६ साली त्रिनिदादहून गप्पी नावाच्या गृहस्थाने त्याचे नमुने लंडनला पाठवले, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे तो डासांच्या अळ्या खातो म्हणून ओळखीचा. हिवताप विभागाने ठिकठिकाणी गप्पी पैदास केंद्रे केली आहेत. तिथला करडा गप्पी दिसायला साधा, पण काटक. आपल्या आरोग्य केंद्रात विचारून पाहावे. पहिली टाकी त्याच्यावर शिकावी आणि मग रंगीत शेपटीचे आणावेत, यात शहाणपण आहे.

दुसरा मोली. काळा मोली तर सर्वांनी पाहिलेला. याला नुसते चालते असे नव्हे, तर जड पाणीच लागते. हलक्या पाण्यात तो जागच्या जागी थरथरत राहतो आणि अंगावर बुरशी धरतो. किंचित मचूळ पाणीही त्याला मानवते. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी मोलीच आधी पाहावा.

तिसरा प्लॅटी आणि चौथा त्याचा भाऊबंद स्वोर्डटेल, म्हणजे ज्याच्या नराच्या शेपटीला तलवारीसारखे टोक असते तो. दोघेही मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या मुलखातले. प्लॅटी लहान, शांत आणि लाल-नारिंगी रंगाचा, मुलांना फार आवडतो. स्वोर्डटेल उडी मारतो, तेव्हा टाकीला झाकण हवे.

हे चारही मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्ले देतात. महिनाभरात वीस-तीस पिल्ले सहज होतात. दोन फुटी टाकीत एक जोडी आणली तर वर्षाअखेर पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून एक तर नुसते नर आणावेत, नाहीतर एका नराला दोन-तीन माद्या ठेवून पिल्ले वाटून देण्याची तयारी ठेवावी.

आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका या सरोवरांतले सिक्लिड मासेही अल्कली पाण्याचे. टांगानिकाचा पीएच ९ च्या आसपास जातो. रंग पाहाल तर डोळे निवतील. पण भांडखोर जात, टाकी तीन-चार फुटांची हवी. पहिल्या खेपेला नको.

मध्यम जड पाण्यात आपल्याच देशातले झेब्रा आणि रोझी बार्ब चांगले राहतात. गुरामी आणि फायटरही निभावून नेतात. फायटर मात्र नर एकटाच ठेवावा.

गोल्डफिशला जड पाण्याची अडचण नाही. अडचण आपली आहे. तो वीतभर वाढतो, घाण फार करतो आणि त्याला थंडावा हवा. गोल बरणीत ठेवलेला गोल्डफिश उरणच्या मे महिन्यात तग धरत नाही, यात नवल ते काय? ती बरणी शोभेची आहे, राहण्याची नव्हे.

आता जे आणू नयेत ते. निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा आणि डिस्कस. हे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, जवळजवळ पावसासारख्या हलक्या आणि आंबूस पाण्यातले. दुकानात निळ्या दिव्याखाली निऑनचा थवा पाहिला की मूल तिथून हलत नाही. पण बोअरच्या पाण्याच्या घरात त्याला नाही म्हणणे हीच माया. ज्यांच्या नळाला बारमाही धरणाचेच हलके पाणी येते, त्यांनी निऑनचा विचार करावा. आणि त्यांनाच मोली हवा असेल तर टाकीत मूठभर धुतलेले शिंपले टाकावेत. शिंपल्यातला चुना हळूहळू विरघळून पाणी मोलीला जमेल इतके जड होते. शिंपल्यांना आपल्याकडे काय तोटा!

टाकी लावताना

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी सुरुवातीला पुरे. तिच्यात ४५ ते ५० लिटर पाणी मावते, म्हणजे काच-खडीसकट साठ किलोच्या घरात वजन. तेव्हा डगमगत्या स्टुलावर ठेवू नये. तळाला काळ्या दगडाची खडी उत्तम. तिच्यातून पाण्यात काही उतरत नाही. पाणी आधीच फार जड असेल तर संगमरवराचे तुकडे, प्रवाळ, शिंपले टाकू नका. दगडाची शंका असेल तर त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन हा माशाचा पहिला वैरी. बादली उघडी ठेवून एक दिवस जाऊ द्या, किंवा दुकानात मिळणारे अँटिक्लोरीन सांगितलेल्या प्रमाणात टाका. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर जास्त असू शकते, तिथे दोन्ही करा.

नव्या टाकीत एकदम पंधरा मासे सोडू नका. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तीन-चारच मासे ठेवा. आणि जड पाणीवाल्यांनी येथे जास्त लक्ष द्यावे. जड पाण्याचा पीएच बहुधा आठच्या आसपास असतो. पीएच ७ असता एकूण अमोनियातला शेकडा एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की आपल्या हवेत तोच भाग सहा-सातपर्यंत जातो. म्हणजे तेवढ्याच घाणीत जवळजवळ नऊपट विष. म्हणून दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे, दिवसातून एकदोनदा. लाडाने टाकलेली जादा चिमूट हीच माशाची वैरीण.

उन्हाळ्यात पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. नुसती भर घालत राहिले तर टाकीतले पाणी आठवड्यागणिक जड होत जाते. काचेवर पांढरी रेघ दिसू लागली की समजावे. उपाय एकच. दर आठवड्याला चौथाई पाणी काढून टाकावे आणि ठेवलेले पाणी घालावे. काढलेले पाणी कुंडीतल्या झाडांना द्या, वाया जात नाही. फिल्टरचा स्पंज याच काढलेल्या पाण्यात पिळावा, नळाखाली नव्हे, नाहीतर क्लोरीनने सगळे जिवाणू मरतात.

ज्यांचे पाणी फारच जड आहे त्यांना पावसाळा हा मोठा आधार. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पहिले दोन-चार पाऊस छपराची धूळ धुऊन जाऊ द्यावेत. मग स्वच्छ पिंपात पाणी धरून, झाकून ठेवावे आणि घरच्या पाण्यात निम्मे मिसळावे. कठीणता निम्म्यावर येते. नुसते पावसाचे किंवा नुसते आरओचे पाणी मात्र घालू नये. त्यात क्षारच नसल्याने पीएच एकाएकी ढासळतो.

दुकानात गेल्यावर

क्रॉफर्ड मार्केट म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई आणि कुर्ला येथील माशांची दुकाने जुनी. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत रेल्वे आल्यापासून तिकडे जाणेही सोपे झाले आहे. जाताना आपल्या पाण्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून न्या आणि तीन प्रश्न विचारा. तुमच्याकडे बोअरचे पाणी आहे की नळाचे? हा मासा तुमच्याकडे किती दिवस आहे? तो पूर्ण वाढला की केवढा होतो? उत्तर देताना जो दुकानदार कंटाळतो, त्याच्याकडून घेऊ नका. काल आलेला मासा घेऊ नका, आठवडा काढलेला घ्या.

घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवा. मग दर पाच-दहा मिनिटांनी वाटीभर टाकीचे पाणी पिशवीत घालत तासभर काढा. शेवटी मासा जाळीने उचलून सोडा. दुकानाचे पाणी आणि तुमचे पाणी यांतला फरक त्याला सावकाश पचू द्या.

आणि नको झालेला मासा खाडीत, तळ्यात, विहिरीत सोडून पुण्य जोडू नका. गप्पी असो की काच चाटणारा सकर, बाहेरचा मासा आपल्या पाण्यातल्या माशांच्या तोंडचा घास काढतो. त्याचा फटका शेवटी जाळे टाकणाऱ्या गरिबाला बसतो. दुसऱ्या घरी द्या, दुकानात परत द्या.

शेवटी एक विनंती. टाकीशेजारी मुलाच्या हाती एक वही द्या. पाणी कधी बदलले, फेस किती आला, मासा कसा पोहतो, काय खातो, हे त्याला तारखेसह लिहू द्या. त्यातूनही एखादा मासा जाईल, कारण जीव आहे तो. त्या दिवशी मुलाला "संकट टळलं" असे सांगू नका. वही उघडून त्याच्याशेजारी बसा आणि मागच्या पंधरा दिवसांत काय बदलले ते दोघे मिळून शोधा. कारण सापडेल किंवा न सापडेल. पण घडणाऱ्या गोष्टीला कारण असते आणि ते शोधायचे असते, ही सवय ज्या मुलाला दहाव्या वर्षी लागली, त्याला पुढे आयुष्यात कोणी बुवा सहज फसवू शकणार नाही.